मल्लखांबाचे हात, मंद बॅट : एका बेसबॉलपटूचं प्रकरण

दादरमधल्या एका मैदानावर सराव करणाऱ्या कॉलेज संघातला हा मुलगा. वय १९, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५७ किलो, उजव्या हाताचा बॅटर. तिसरीत असल्यापासून मल्लखांब, पुरलेला आणि दोरीचा दोन्ही. बेसबॉलमध्ये येऊन दीडेक वर्ष झालेलं. पकड संघात सगळ्यात घट्ट, पुलअप्स सहज विसाच्या पुढे, आणि तरीही त्याची बॅट संघात जवळजवळ सगळ्यात मंद फिरायची. चेंडू लागायचा, पण इनफिल्ड, म्हणजे मैदानाचा बॅटरजवळचा आतला भाग, ओलांडून क्वचितच जायचा. जुलैत त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला माझ्याकडे पाठवलं तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, याच्या हातात एवढी ताकद आहे, मग ती बॅटमध्ये का उतरत नाही?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक खेळाडू क्रिकेटचे, थोडे कबड्डीचे. बेसबॉलचे मोजकेच. पण हाच प्रश्न मला जवळपास प्रत्येक बॅटरबद्दल विचारला जातो, आणि त्यामागची समजूतही तीच असते की बॅट हातात आहे म्हणजे वेगही हातातूनच येतो. या मुलानेही तेच धरलं होतं. कित्येक महिने तो रोज रात्री मनगटाच्या कसरती करत होता, डंबेल वरखाली, तांदळाच्या डब्यात हात खुपसून मुठी आवळणं, सोडणं. अमेरिकेत हायस्कूलच्या बेसबॉलपटूंवर नेमका याच गोष्टीचा १२ आठवड्यांचा अभ्यास झालेला आहे. एका गटाने नेहमीचा व्यायाम आणि बॅटिंग केली, दुसऱ्याने त्यावर मनगट आणि कोपराखालच्या हाताचा जादा व्यायाम केला. दुसऱ्या गटाची मनगटं जास्त मजबूत झाली. बॅटच्या वेगात मात्र पहिल्या गटापेक्षा जास्त वाढ झाली नाही. मी त्याला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. इतक्या निष्ठेने केलेली मेहनत होती ती, आणि वाया गेली असं म्हणणं मलाही जड गेलं. पण ते सांगणं आवश्यक होतं.

वेग कशासाठी

पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, जागेपासून बॅटरपुढच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर १८.४४ मीटर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. ताशी १२० किलोमीटरचा चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात बॅटरपाशी येतो. मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग, तिथला ताशी १४५ किलोमीटरचा ०.४ सेकंदात. बॅट निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंत ०.१५ सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त वेळ जातो. उरलेल्या वेळात चेंडू पाहायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं. बॅट जितकी लवकर पोहोचते तितका निर्णय उशिरा घेता येतो, म्हणजे चेंडू जास्त वेळ पाहता येतो. फटक्याच्या अंतराइतकाच, माझ्या मते त्याहूनही मोठा फायदा हा.

अंतराचा हिशेबही स्पष्ट आहे. चेंडू बॅटच्या योग्य जागी लागला तर बॅटचा वेग ताशी १ किलोमीटरने वाढल्यावर परतणाऱ्या चेंडूचा वेग साधारण १.२ किलोमीटरने वाढतो. पिचरने चेंडू ताशी १ किलोमीटर वेगाने जास्त टाकला तर परतीत जेमतेम ०.२ किलोमीटरची भर पडते. म्हणजे समोरच्याच्या वेगावर लांब फटका मारता येतो ही क्रिकेटमधून आलेली कल्पना इथे फारशी चालत नाही. वेग स्वतःच तयार करावा लागतो.

मोजणीसाठी बॅटच्या मुठीला लावायचा सेन्सर वापरला, आणि सोबत फोनवर सेकंदाला २४० चित्रांचं चित्रण केलं. २४० च्या चित्रणात दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंद जातात, आणि ताशी ९० किलोमीटरने फिरणारी बॅट तेवढ्यात दहा सेंटिमीटर पुढे सरकते. त्यामुळे फोनवरून वेगाचा अंदाज बरा येतो आणि अंगाची हालचालही दिसते. एक काळजी घेतली. दोन कंपन्यांचे सेन्सर एकाच फटक्याला वेगवेगळे आकडे दाखवू शकतात, म्हणून शेवटपर्यंत तोच सेन्सर, टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू, तेवढ्याच उंचीवर. त्याचा पहिला सरासरी वेग ताशी ९० किलोमीटरच्या जरा खाली आला. मेजर लीगने २०२४ च्या मे महिन्यापासून खेळाडूंच्या बॅटचा वेग जाहीर करायला सुरुवात केली, तिथली सरासरी ताशी ७२ मैल म्हणजे ११६ किलोमीटर आहे. सगळ्यात वेगवान बॅट फिरवणाऱ्यांपैकी एक, जियानकार्लो स्टँटन, त्याची ८१ मैल, म्हणजे १३० किलोमीटरच्या आसपास. मुलाने हे आकडे आधीच पाठ केलेले होते.

आधी बॅट

अंगाला हात लावण्याआधी मी बॅट तपासली. खेळाडूच्या ताकदीबद्दल बोलण्याआधी त्याच्या हातात काय दिलंय ते पाहावं, कारण तिथला दोष एका दिवसात दूर होतो.

संघाच्या किटमधली ॲल्युमिनियमची बॅट, ३४ इंच लांब, ३१ औंस म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम, आणि बहुतेक वजन टोकाकडे. ती त्याला का मिळाली? "तुझे हात मजबूत आहेत, तू ही घे," असं म्हणून. बाकीची मुलं हलक्या बॅट वापरत होती.

बॅटचं तराजूवरचं वजन आणि ती फिरवताना जाणवणारा जडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हातोडा दांड्याकडून धरून फिरवा, मग तोच डोक्याकडून धरून फिरवा. वजन तेवढंच, पण दुसऱ्यांदा तो सहज फिरतो. भौतिकशास्त्रात याला जडत्वाघूर्ण म्हणतात. बॅटवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलंय की फिरवण्याचा वेग ठरतो तो मुख्यतः या जडत्वाघूर्णावरून, नुसत्या वजनावरून नाही. हे घरी मोजता येतं. मुठीच्या टोकापासून सहा इंचांवर बॅट आडव्या खिळ्यावर टांगायची, लंबकासारखी हळूच झुलवायची आणि काही झोक्यांचा वेळ घ्यायचा. झोक्याचा वेळ, वजन आणि तोल जिथे सांभाळला जातो ती जागा, या तिन्हींवरून गणित सुटतं. आम्ही ते त्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या स्टँडवर केलं. त्याचे भौतिकशास्त्राचे सर इतके रमले की त्यांनी किटमधल्या सगळ्या बॅट मोजून घेतल्या आणि प्रत्येकीवर मार्करने आकडा लिहिला. कोणत्याही संघाने हे करावं, खर्च काहीच नाही.

त्यातून ३३ इंच, ३० औंसांची, वजन नीट वाटलेली एक बॅट निघाली. जडत्वाघूर्ण सुमारे एक अष्टमांश कमी. त्याच दिवशी वेगात ताशी दोनेक किलोमीटरचा फरक दिसला. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हलकी बॅट म्हणजे लांब फटका असं समजून मुलं फसतात. बॅटचं टोक हलकं झालं की ती वेगाने फिरते, पण चेंडूशी टक्कर होताना तिचा रेटाही कमी पडतो. दोन्ही मिळून चेंडूचा परतीचा वेग बहुतेकदा जवळपास तेवढाच राहतो. हलकी करण्यासाठी भोक पाडून बूच भरलेल्या लाकडी बॅटनेही चेंडू लांब जात नाही, याचं कारण हेच. आमचा फायदा होता वेळेचा आणि ताब्याचा. त्याच्यासारख्या हलक्या मुलाला ती बॅट चेंडूच्या रेषेत वेळेवर आणता येऊ लागली.

डोनटही काढून टाकला. फटका मारायला जाण्यापूर्वी बॅटवर लोखंडी कडं चढवून फिरवायची पद्धत जगभर आहे, आणि कडं काढल्यावर बॅट पिसासारखी वाटते हे खरं. पण मोजल्यावर ती वेगाने फिरत नाही, अनेकदा थोडी हळूच फिरते, शिवाय फिरवण्याची लयही बिघडते. गरम होण्यासाठी स्वतःच्याच बॅटने किंवा तिच्या वजनापेक्षा दहा-बारा टक्क्यांच्या आत फरक असलेल्या बॅटने फिरवणं चांगलं. यावर संघातल्या मोठ्या मुलांनी बराच वाद घातला. सेन्सर त्यांच्याही बॅटला लावल्यावर तो मिटला.

जमीन

खरा दोष चित्रणात दिसला, आणि या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हा.

चांगल्या बॅटरचा वेग जमिनीतून सुरू होतो. तो मागच्या पायावर वजन घेतो, पुढचा पाय टेकवतो, त्या पायाने जमीन रेटतो. मग कंबर फिरते, तिच्यामागून खांदे, मग हात, सर्वात शेवटी बॅट. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा वेगाने फिरतो आणि आधीचा भाग मंदावताना आपला वेग पुढच्याला देतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ३९ व्यावसायिक बॅटरांच्या अभ्यासात कंबरेचा कमाल वेग सेकंदाला ७१४ अंश, खांद्यांचा ९३७ अंश आढळला होता आणि बॅटचा सेकंदाला ३१ मीटर. त्याच अभ्यासात पुढचा पाय टेकल्यावर जमिनीवरचा दाब शरीराच्या वजनाच्या १२३ टक्के होता. ५७ किलोच्या मुलाला तो ७० किलोच्या आसपास पडेल.

या मुलाच्या चित्रणात पुढचा पाय टेकत होता, पण गुडघा वाकलेलाच राहायचा. कंबर आणि खांदे एकाच चित्रात, एकत्र वळत. त्याआधीच हात निघालेले असत. म्हणजे साखळीतले पहिले दोन दुवे जवळजवळ नव्हतेच, सगळा भार शेवटच्या दोनांवर. हात मजबूत म्हणूनच त्याला एवढा तरी वेग मिळत होता.

असं का, याचं उत्तर मल्लखांबात आहे. खांबावर गेलं की जमीन सुटते. अढी घातली की मांड्या खांबाला आवळतात, बगलेची पकड, हाताची पकड, पायाच्या अंगठ्याची पकड, सगळी ताकद आत, खांबाकडे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर शरीर तोलून धरायचं तर ते तसंच हवं. दहा वर्षं ज्या शरीराने आवळून धरायचं शिक्षण घेतलं, त्याला जमिनीला रेटून सोडून द्यायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं. बॅटही तो तशीच धरायचा. उभा राहिल्यापासून मुठी पांढऱ्या, खांदे कानांशी. पकड इतकी आवळली की मनगटाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणलेले राहतात, आणि मनगट शेवटच्या क्षणी मोकळं सुटत नाही. ज्या हातांचं सगळे कौतुक करत होते तेच बॅटला अडवत होते.

चाचण्यांनी याला दुजोरा दिला. पुलअप्समध्ये तो संघात पहिला, पण जागेवरून लांब उडीत शेवटच्या तिघांत. मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, बाजूला फेकण्यातही मागे. त्याची ताकद धरून ठेवण्याची होती, क्षणात सोडण्याची नव्हती.

त्याला पहिल्यांदा हे पटलं नाही.

"मॅडम, पाय तर मी हलवतोय."

"हलवतोयस रे. रेटत नाहीयेस."

मी त्याला भिंतीला हात टेकवून उभं केलं आणि पुढच्या पायाने जमीन मागे ढकलायला सांगितली. कंबर आपोआप फिरली, हात भिंतीवरच होते. तिथे त्याला कळलं. शब्दांनी झालं नसतं.

जमिनीचा आणखी एक पदर अगदी मुंबईचा आहे. जून ते सप्टेंबर आपली मैदानं ओली, गवत निसरडं, मधे मधे चिखल. हा मुलगा सपाट तळाच्या साध्या धावण्याच्या बुटांत सराव करत होता. मागचा पाय रेटायला गेला की सरकायचा, आणि सरकणारा पाय शरीराला नकळत शिकवतो की खालून जोर लावू नकोस, पडशील. त्याने वरच्या अंगाने फिरवायची सवय लावून घेतली यात त्या बुटांचा हात आहे, याबद्दल मला शंका नाही. प्रशिक्षकांनी त्याला रबरी खिळ्यांचे बूट मिळवून दिले. मुसळधार पावसाच्या दिवशी सराव सभागृहात, फरशीवर नाही तर कुस्तीच्या मॅटवर घेतला. बॅटिंगच्या तंत्रावर तासन् तास बोलणारे संघ पायाखाली काय आहे ते पाहत नाहीत, याची मला खंत वाटते.

काय केलं

मनगटाच्या कसरती पूर्ण बंद. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुढे पाऊल टाकून बैठका, आणि प्रत्येक वेळी शेवटी उड्या. भिंतीवर तीन किलोचा मेडिसिन बॉल कंबर फिरवून फेकणं, दोन्ही बाजूंनी, पूर्ण जोराने, थोड्या फेकी आणि मधे भरपूर विश्रांती. मेडिसिन बॉलवरचाही १२ आठवड्यांचा हायस्कूलमधला अभ्यास आहे. वजनं उचलणं आणि बॅटिंग दोन्ही गटांनी केलं, पण फिरवून फेकण्याचा व्यायाम जोडलेल्या गटाच्या बॅटचा वेग जास्त वाढला. माझा भर त्यावरच होता. दमेपर्यंत फेकायला मी कुणालाच देत नाही, कारण दमलेलं अंग हळू फेकायला शिकतं.

बॅटिंगमध्ये प्रशिक्षकांनी दोनच सूचना ठेवल्या, पाय टेकेपर्यंत मुठी सैल, आणि हात छातीजवळ. हात लवकर लांब केले की बॅट शरीरापासून दूर जाते आणि सगळंच फिरवायला जड होतं. कोपर जवळ ठेवून कंबरेबरोबर फिरवलं आणि शेवटी हात सोडले की तीच बॅट हलकी पडते. पाठीच्या वळणाची चिंता करावी लागली नाही. मल्लखांबाने पाठ आणि पोट उत्तम घडवलेलं होतं, आणि हे श्रेय मी प्रत्येक वेळी बोलून दाखवत होते, कारण आपला जुना खेळ चुकीचा ठरतोय असं त्याला वाटू लागलं होतं.

वजनाचा विषय नाजूक. शरीरातला चरबी वगळता उरलेला भार आणि बॅटचा वेग यांचं नातं अभ्यासांत सातत्याने दिसतं. मोठं शरीर जास्त जोर लावतं, यात गूढ काही नाही. पण मल्लखांबात हलकं राहणं हे पुण्य, त्यामुळे तो मोजूनच जेवायचा. त्यात शनिवारचा उपास, आणि सामने बहुधा रविवारी. घरी त्याच्या आईंशी बोलले. उपास सोडायला सांगणार असेन अशी त्यांना धास्ती होती. मी म्हटलं, "वहिनी, उपास राहू दे, फक्त त्या दिवशी साबुदाण्यावर भागवू नका." दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा शनिवारी वाढवलं. इतर दिवशी अंडी, उसळी, श्रावण संपल्यावर मासे. किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं धरली तर त्याला रोज ९० ग्रॅमच्या आसपास हवी होती, एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. आधी तो याच्या निम्म्यावर होता. आईंनी हा हिशेब फ्रिजवर चिकटवला.

डिसेंबरपर्यंत

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या आधी पुन्हा मोजलं. वजन ६१ किलो. टीवरचा सरासरी वेग ताशी ९९ ते १०० किलोमीटर. चित्रणात कंबर आता खांद्यांच्या आधी वळते, चार-पाच चित्रांचं अंतर स्पष्ट दिसतं. पुढचा गुडघा चेंडू लागताना जवळजवळ सरळ होतो. जागेवरच्या उडीत तो संघाच्या मध्यावर आला. फटके आउटफिल्डमध्ये पडू लागले.

बॅट बदलल्याचा परिणाम वेगळा मोजला होता, त्यानंतरचे बदल एकत्र झाले, त्यामुळे कशामुळे किती वाढलं याची वाटणी करता येणार नाही. १९ व्या वर्षी नियमित बॅटिंग करणाऱ्या मुलाचा वेग थोडा तसाही वाढतो. तरी सर्वात मोठा वाटा पायांचा, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार वेळेचा. वेगात मोठी वाढ दिसली ती वजन वाढण्याआधी, सप्टेंबरमध्ये, पाय रेटायला लागल्यावर आणि नवे बूट मिळाल्यावर.

११६ चा आकडा अजून त्याच्या डोक्यात आहे. त्याला मी लुईस अराएझचं उदाहरण देते. मेजर लीगमधल्या सगळ्यात मंद बॅटपैकी एक त्याची, ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, आणि तरी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं त्याने फलंदाजीच्या सरासरीचा किताब जिंकला, चेंडू बॅटच्या मधोमध घेण्याच्या कौशल्यावर. आणि उंचीचं म्हणाल तर २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होसे आल्तुवे याच्याएवढाच, १६८ सेंटिमीटरचा आहे. हे ऐकून तो हसला, पण दुसऱ्या दिवशी टीवर मात्र आधी मधोमध लागणारे चेंडू मोजायला लागला.

दोन गोष्टी बाकी आहेत. दोन स्ट्राइक झाल्या, म्हणजे तिसरीला बाद व्हायची वेळ आली, की मुठी पुन्हा आवळतात आणि वेग चार-पाच किलोमीटरने खाली येतो. त्यावर प्रशिक्षक सरावात मुद्दाम दोन स्ट्राइकवरून सुरुवात करतात. दुसरी, डाव्या खुब्याचं आतल्या बाजूचं वळण उजव्यापेक्षा कमी आहे. पुढच्या पायावर फिरताना ते तिथे अडतं आणि ताण कंबरेकडे जातो. यावर रोज दहा मिनिटांचं काम चालू आहे, आणि ते सुटल्याशिवाय मी नेहमीपेक्षा जड आणि हलक्या बॅट फिरवण्याचा सराव सुरू करणार नाही.

मल्लखांब सोडायचा का, असं त्याने विचारलं. प्रशिक्षकांना वाटत होतं सोडावा. मी नको म्हटलं. आठवड्यातून दोन दिवस, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही, आणि खांबावरून उतरल्यावर जमिनीवरच्या उड्या करूनच घरी जायचं. खांबावरची त्याची पाठ आणि पोट संघात दुसऱ्या कुणाकडे नाही.